विश्लेषण : चेटकिणींची शिकार… अंधश्रद्धेचा बळी की जमिनीचा हिशेब?

बिहारच्या पूर्णिया जिल्ह्यातील टेटगामा या आदिवासी वस्तीत ६ जुलै २०२५ च्या रात्री एकाच उरांव कुटुंबातील पाच जणांना जमावाने जाळून मारले. त्यांत तीन स्त्रिया होत्या. गावातील एक मूल दगावले, दुसरे आजारी पडले आणि या घरातील बाई ‘डायन’ आहे असे ठरले. त्यानंतर अकरा दिवसांनी, १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या जमिनीच्या वादात निकाल दिला. आदिवासी स्त्रीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पहिली बातमी गुन्हेवृत्तात छापली गेली, दुसरी न्यायालयीन वृत्तांत. त्यांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. मात्र चेटकीण ठरवून बायका मारल्या जातात त्याचा मालमत्तेशी काय संबंध, हा प्रश्न युरोपच्या इतिहासकारांत गेली पन्नास वर्षे गाजतो आहे आणि त्या वादाच्या उजेडात या दोन बातम्या एकत्र वाचाव्या लागतात.

इतक्या वर्षांनी माफी कशासाठी?

स्कॉटलंडच्या तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी ८ मार्च २०२२ रोजी, महिला दिनी, जादूटोणाविरोधी कायद्याखाली छळ झालेल्यांची जाहीर माफी मागितली. तो कायदा १५६३ ते १७३६ असा पावणेदोनशे वर्षे लागू होता. त्याखाली सुमारे चार हजार जणांवर आरोप झाले, अंदाजे अडीच हजारांना मृत्युदंड मिळाला आणि आरोपींत पाचांमागे चारहून अधिक स्त्रिया होत्या. त्याच वर्षी जानेवारीत स्पेनमधील कॅटलोनियाच्या संसदेने अशा स्त्रियांना दोषमुक्त ठरवणारा ठराव केला होता. अमेरिकेत कनेटिकटच्या विधिमंडळाने मे २०२३ मध्ये तसेच केले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जुलै २०२१ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपांतून होणाऱ्या हिंसेविरुद्ध ठराव केला, तो मात्र इतिहासासाठी नव्हता. आफ्रिकेतील काही देश, पापुआ न्यू गिनी आणि भारत येथे हे आजही घडते. (चौकशी मागे लागली की बडे राजकारणी ‘हा विच हंट आहे’ म्हणून गळा काढतात. ज्यांच्यावरून हा शब्द आला, त्यांच्याकडे वकील नव्हता, एवढे तरी लक्षात ठेवावे.)

हे मध्ययुगात घडले ना?

आपल्याकडे आणि युरोपातही सर्वसाधारण समज तोच आहे. तो चुकीचा आहे. चेटकिणींवरील खटल्यांचा मोठा काळ १४५० ते १७५० हा आणि त्यातही सर्वांत भीषण काळ १५६० ते १६५० चा. म्हणजे कोपर्निकसचा ग्रंथ येऊन गेला होता, गॅलिलिओ दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहत होता, ॲमस्टरडॅममध्ये शेअर बाजार सुरू झाला होता, लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली होती, तेव्हा हे खटले भरात होते. अनेक ठिकाणी ते चर्चच्या नव्हे, तर सरकारी न्यायालयांत चालले. स्पेनच्या इन्क्विझिशनमधील आलोन्सो दे सालाझार या अधिकाऱ्याने बास्क प्रांतातील प्रकरणे तपासून १६१२ च्या सुमारास पुरावा नसल्याचा अहवाल दिला. त्यानंतर तिथे असे खटले जवळपास थांबले. ज्या संस्थेचे नाव क्रौर्याला समानार्थी झाले, तिनेच या बाबतीत तुलनेने शहाणपण दाखवले, हे अनेकांना पचत नाही.

आकड्यांबाबतही सावध राहायला हवे. ‘नव्वद लाख स्त्रिया जाळल्या’ हा आकडा अजूनही समाजमाध्यमांवर फिरतो. अठराव्या शतकातील एका जर्मन अंदाजावरून तो पसरला आणि पुढे स्त्रीवादी लेखनातही शिरला. आज दप्तरे तपासून बहुतेक अभ्यासक मृत्युदंडांचा आकडा ४० ते ६० हजारांच्या दरम्यान मानतात. त्यांतील ७५ ते ८० टक्के स्त्रिया होत्या, जवळपास निम्मे मृत्यू आजच्या जर्मनीच्या आसपासच्या छोट्या संस्थानांत झाले. आकडा लहान झाल्याने प्रश्न लहान होत नाही. आधीची कित्येक शतके खेड्यापाड्यांत चेटूक मानले जात होतेच. मग याच शे-दीडशे वर्षांत सरकारे, न्यायाधीश आणि शेजारी अशा सर्वांना एकाच वेळी बायका मारण्याची गरज का वाटली?

भांडवलशाहीचा यात काय संबंध?

याचे सर्वाधिक चर्चेतले उत्तर सिल्व्हिया फेडेरिची यांचे. १९४२ मध्ये इटलीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत शिकवणाऱ्या या अभ्यासक १९७० च्या दशकातील ‘घरकामाला वेतन द्या’ चळवळीच्या संस्थापकांपैकी एक. ‘कॅलिबन अँड द विच’ हे त्यांचे पुस्तक २००४ मध्ये आले. त्याचा गाभा मार्क्सशी असलेल्या वादात आहे. भांडवलशाही सुरू होण्याआधी कुणाकडे तरी भांडवल आणि कुणाकडे तरी विकायला फक्त श्रम उरावेत, यासाठी शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकावण्यात आले. मार्क्सने याला आदिम संचय म्हटले. इंग्लंडमध्ये गावाच्या सामायिक जमिनींना कुंपणे घातली गेली आणि तिथे मेंढ्या चरू लागल्या. फेडेरिची म्हणतात, मार्क्सने हे पाहिले ते मजूर पुरुषाच्या बाजूने. स्त्रीचे काय झाले?

आपल्याकडचे गायरान डोळ्यांपुढे आणले तर मुद्दा कळायला सोपा जातो. गायरानावर हक्क सांगायला सातबारा लागत नाही. एक शेळी बांधता येते, सरपण गोळा करता येते, पालापाचोळा, औषधी मुळ्या, कापणीनंतर शेतात पडलेले दाणे वेचता येतात. ज्याच्या नावावर काही नाही त्याचे पोट यावर चालते आणि असे लोक म्हणजे बहुतांशी विधवा, परित्यक्ता, म्हाताऱ्या बायका. कुंपण पडले की पुरुष मजुरीला बाहेर पडू शकतो. पोरे आणि म्हातारपण सांभाळणारी बाई गावातच राहते आणि शेजाऱ्याच्या दारात जाते. फेडेरिची यांच्या मते मजुरीच्या नव्या व्यवस्थेला स्त्रीकडून वेगळेच काही हवे होते, ते म्हणजे मजूर जन्माला घालणे, वाढवणे आणि तेही फुकट. त्यासाठी गर्भनिरोधाचे, बाळंतपणाचे, मुळ्यापाल्याचे तिचे ज्ञान आणि तिची स्वतंत्र पत मोडावी लागली. चेटकिणींचे खटले हे त्या मोडतोडीचे हत्यार होते.

या युक्तिवादाला आधार देणाऱ्या गोष्टी आहेत. फ्रान्सच्या राजाने १५५६ मध्ये अविवाहित गर्भवतींना गर्भाची नोंद सरकारदरबारी करणे सक्तीचे केले. लपवून ठेवलेले मूल दगावले तर देहान्त. इंग्लंडने १६२४ मध्ये तशाच धर्तीचा कायदा केला. फ्रेंच विचारवंत जाँ बोदँ हे नाव तर दोन्हीकडे सापडते. सार्वभौमत्वाचा सिद्धांत मांडणारा, अमेरिकेतून आलेल्या चांदीमुळे महागाई वाढली हे सांगणारा, लोकसंख्या हीच राज्याची संपत्ती मानणारा हा मोठा माणूस. त्यानेच १५८० मध्ये चेटकिणींना जाळण्याची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला. अर्थशास्त्र आणि चेटूक त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी नांदत होते.

बारा पेन्सचे भांडण

सिद्धांत बाजूला ठेवून एक खटला पाहू. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात सेंट ओसिथ नावाचे गाव आहे. तिथल्या अर्सुला केम्प या बाईवर १५८२ मध्ये खटला चालला. ती दाईपण करी, लहान मुलांची आजारपणे उतरवी. ग्रेस थर्लो या शेजारणीच्या मुलाला तिने बरे केले होते. पुढे ग्रेस बाळंत झाली, पण बाळ सांभाळायला तिने अर्सुलाला बोलावले नाही. ते तान्हे पाळण्यातून पडून मेले. नंतर ग्रेसचे पाय दुखू लागले, अर्सुलाने बारा पेन्सच्या बोलीवर उपाय सांगितला. गुण आला. अर्सुला पैसे मागायला गेली तेव्हा ग्रेस म्हणाली, मी गरीब आहे, कुठून देऊ? अर्सुलाने पैशांऐवजी चीज मागितले. तेही नव्हते. बाचाबाची झाली आणि ग्रेसचे पाय पुन्हा धरले. दंडाधिकाऱ्याने अर्सुलाच्या आठ वर्षांच्या मुलाची आईविरुद्ध साक्ष नोंदवली आणि कबूल केलेस तर दया दाखवू, असे सांगून तिच्याकडून कबुली घेतली. तिला फाशी झाली.

ॲलन मॅकफार्लेन यांनी १९७० मध्ये आणि त्यांचे गुरू कीथ थॉमस यांनी १९७१ मध्ये एसेक्सच्या आणि इंग्लंडच्या अशा शेकडो प्रकरणांचा अभ्यास केला. त्यांना एक साचा आढळला. म्हातारी बाई शेजाऱ्याकडे दूध, विरजण, शेंगा असे काही मागते. तो नाही म्हणतो. ती पुटपुटत जाते. काही दिवसांनी गाय आटते किंवा मूल तापाने फणफणते आणि त्याला तिचे पुटपुटणे आठवते. पूर्वी अडल्याला देणे हे गावधर्मात बसत होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस महागाईने मजुरीची खरेदीशक्ती निम्म्यावर आणली, गरिबांची जबाबदारी हळूहळू पॅरिशच्या करावर गेली. देणे आपले कर्तव्य आहे की नाही, हेच लोकांना कळेनासे झाले. नकार देणाऱ्याच्या मनाला टोचणी होती. आपण पाप केले हे मानण्यापेक्षा तीच पापीण आहे, हे मानणे सोपे होते.

या साच्यात अर्सुलाचे प्रकरण पूर्ण बसत नाही. ग्रेस काही सुखवस्तू नव्हती. दोघीही गरीब होत्या आणि बारा पेन्स दोघींसाठीही मोठी रक्कम होती. शेजारधर्माच्या जागी पैशाचा व्यवहार आला तेव्हा त्याचा पहिला तडाखा तळच्या दोन बायकांच्या नात्याला बसला, हे मला या प्रकरणात अधिक महत्त्वाचे वाटते.

मग सिद्धांत अडखळतो कुठे?

नकाशावर. कुंपणबंदी सर्वाधिक झाली ती इंग्लंडमध्ये, तिथे मृत्युदंड झाले सुमारे पाचशे. त्या काळातील सर्वांत पुढारलेली व्यापारी अर्थव्यवस्था डच प्रजासत्ताकाची होती, पण तिथे हे खटले सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच थांबले. उलट हजारोंनी माणसे मेली ती बाम्बर्ग, वुर्झबर्गसारख्या जर्मन धर्मसंस्थानांत, जिथे भांडवलशाही दूरवर दिसत नव्हती. मे १६२६ मध्ये तिथे अवकाळी हिमकडाका पडला, द्राक्षमळे करपले आणि लोकांनीच राजदरबारी चेटकिणींना शिक्षा करण्याचा तगादा लावला. इतिहासकार वोल्फगांग बेरिंगर यांनी अशा लाटांचा संबंध तथाकथित लघु हिमयुगातील नापिकीशी जोडला आहे. जर्मन संस्थानांत छळ करून कबुली घेणे कायदेशीर होते, इंग्लंडच्या सामान्य कायद्यात नव्हते. छळाखाली एक बाई दहा नावे घेत असे. आकड्यांतील तफावत समजून घ्यायला एवढा फरकही बराच पुरेसा आहे. शिवाय आइसलँड, नॉर्मंडी, एस्टोनिया येथे आरोपींत पुरुष जास्त होते. सुईणींना वेचून मारले, या लोकप्रिय दाव्यालाही दप्तरांतून फारसा आधार मिळत नाही. सुईण ही बहुधा गावातील प्रतिष्ठित बाई असे आणि खटल्यांत ती अनेकदा आरोपीपेक्षा तपासणीस म्हणून दिसते.

फेडेरिची यांच्याकडे यावर काही उत्तरे आहेत. एसेक्समध्ये कुंपणे होती आणि खटलेही, तर स्कॉटलंडच्या सामूहिक जमीनधारणेच्या डोंगराळ पश्चिम भागात दोन्ही जवळपास नव्हते, असे त्या दाखवतात. तरी ‘भांडवलशाहीने चेटकिणी जाळल्या’ हे वाक्य जसेच्या तसे टिकत नाही. त्यामागे कुणाची एकसंध योजना दिसत नाही. टिकते ते याहून लहान विधान : धर्म, कायदा आणि हवामान यांनी खटला कुठे आणि किती पेटेल हे ठरवले. आरोप कुणावर जाईल हे मात्र बऱ्याचदा ठरले ते गावातील जमीन, उधारी आणि आधाराची जुनी नाती तुटल्यामुळे कोण एकटे पडले, यावरून. एकट्या पडणाऱ्यांत बायका अधिक होत्या.

भारतात हा संबंध अधिक उघड का दिसतो?

कारण इथे वारसाची रूढीच तो उघड करते. झारखंडमधील संथाळ, हो, मुंडा समाजांत जमीन पुरुषाच्या वंशात उतरते. मात्र मुलगा नसलेल्या विधवेला ती हयात असेपर्यंत जमीन कसण्याचा हक्क रूढीने दिला आहे. तिच्या पश्चात जमीन दिराकडे किंवा पुतण्यांकडे जाते. म्हणजे ज्यांना जमीन कधीतरी मिळणारच आहे, त्यांच्या आणि जमिनीच्या मध्ये एकच बाई उभी असते. तिला डायन ठरवले की ती मारली जाते किंवा गाव सोडते. गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी १९९० च्या दशकापासून हा धागा लावून धरला आहे. ओझा किंवा जानगुरू नाव काढतो तेव्हा ते बहुधा गावात आधीच कुजबुजले गेलेले असते.

याची दुसरी बाजूही या अभ्यासकांनी नोंदवली आहे. सगळीकडे बळी गरीबच असतो असे नाही. बाजार आणि रोकड गावात शिरल्यावर ज्या घराचे बरे चालू लागते, त्याच्यावरही शेजाऱ्यांचा संशय वळतो. एसेक्सच्या साच्याच्या हे नेमके उलट. दोन्हींत समान काय, तर बरोबरीने जगणाऱ्या गावात कुणीतरी खाली किंवा वर सरकते आणि त्याचा जाब एका बाईला विचारला जातो.

ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात डायन-हत्यांवर बंदी घातली खरी, पण त्याच काळात जंगले ताब्यात घेतली, गावाच्या सामायिक हक्कांना कात्री लावली. १८५७ च्या उठावात छोटानागपुरात सत्ता डळमळल्यावर लोकांनी संशयितांना शोधून मारल्याची नोंद कर्नल डाल्टन या अधिकाऱ्याने करून ठेवली आहे. नापिकीचा धागा आजही तुटलेला नाही. टांझानियातील एका जिल्ह्याचा अर्थतज्ज्ञ एडवर्ड मिगेल यांनी अभ्यास केला. त्यात अतिवृष्टी किंवा अवर्षणाच्या वर्षी ‘चेटकिणीं’च्या हत्या इतर वर्षांच्या दुप्पट आढळल्या. बळी जवळजवळ सगळ्या वृद्ध स्त्रिया आणि मारणारे बहुधा घरचेच.

महाराष्ट्रात काय?

सातपुड्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, ‘डाकीण’ ठरवण्याची प्रथा आहे आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तिथे वर्षानुवर्षे काम करत आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर राज्याने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. बिहारने १९९९ मध्ये देशातला पहिला डायन-प्रथाविरोधी कायदा केला, झारखंडने तो २००१ मध्ये स्वीकारला. त्यात एखादीला डायन ठरवण्याची शिक्षा आहे तीन महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड. छत्तीसगड, ओडिशा, राजस्थान, आसाम यांचेही कायदे आहेत. केंद्रीय कायदा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ८५ खुनांमागे जादूटोण्याचा संशय हे कारण होते. गाव सोडावे लागलेल्या, धिंड निघालेल्या बायका या आकड्यात येत नाहीत. झारखंडच्या छुटनी महतो यांना डायन ठरवून हाकलले गेले होते. नंतर त्यांनी अशाच बायकांना आसरा दिला, त्यासाठी २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जागृतीच्या कार्यक्रमांत सहसा सांगितले जाते की आजार जंतूंमुळे होतो, भगताकडे नव्हे, दवाखान्यात जा. हे सांगायला हवेच. पण आजार जंतूने होतो हे पटलेल्या दिरालाही जमीन हवी असतेच. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये पती-पत्नीच्या संयुक्त नावाने पट्टा देणे बंधनकारक केले. डायन-प्रथा रोखण्याच्या चर्चेत ही तरतूद क्वचितच येते.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नेमका काय?

हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तिथे रूढी चालते. आमच्या रूढीत स्त्रीला वाटा मिळतो, हे स्त्रीच्या वारसांनी सिद्ध करावे, असे खालच्या न्यायालयांनी म्हटले होते आणि दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच उलटा केला. वाटा नाकारणारी रूढी आहे, हे विरुद्ध बाजूने सिद्ध केलेले नाही. अशा स्थितीत केवळ स्त्री म्हणून तिला वगळणे घटनेच्या समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरते. १९९६ मध्ये हो समाजातील स्त्रियांच्या याचिकेवर निकाल देताना याच न्यायालयाने वारसाची रूढी रद्द करण्याचे टाळले होते आणि जमिनीवरच्या ताब्याला संरक्षण देण्यापुरतेच ते थांबले होते. त्या मानाने ही मजल मोठी आहे. छत्तीसगडच्या या प्रकरणातील वाद १९९२ पासूनचा होता. जिचा वाटा २०२५ मध्ये मान्य झाला, ती स्त्री न्यायालयात नव्हती. तो मिळाला तिच्या वारसांना.